कल्पनाबाई चावला

हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पनाबाईंनी १९८२ साली चंदिगड येथे विमानविद्येची पदवी संपादन केली व पुढील अभ्यासास्तव अमेरिकेची वाट धरिली. १९९५ च्या मार्चात ह्यूस्टन येथे अंतराळवीरांच्या ज्या उमेदवार-वर्गात त्या दाखल झाल्या, त्यात अमेरिकनांच्या जोडीस फ्रान्स, कॅनडा व जपान येथील मंडळीही होती. सर्वांस शिस्त एकच.

या सहाध्यायांपैकी जपानचे ताकाओ दोई १९९७ च्या नोव्हेंबरात ‘कोलंबिया’ यानातून बाईंसमवेतच निघाले. यांत्रिक हाताने एक सूर्यनिरीक्षक उपग्रह सोडण्याचे काम बाईंकडे होते. उपग्रह बिघडला, पुन्हा धरू जाता तो गरगरू लागला, आणि सारा दोष बाईंच्या माथी येतो की काय, असे झाले. अखेर दोई व विन्स्टन स्कॉट यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी धरिला. पुढे चौकशी काही महिने चालली. निकाल लागेतो धीर धरणे किती कठीण, हे परीक्षा दिलेल्या आमच्या बालवाचकांस सांगणे नको! आज्ञावलीची जुळणी व ठरविलेली कार्यपद्धती यांत चुका आढळल्या. बाई निर्दोष ठरल्या आणि त्यांस पुन्हा उड्डाण लाभले.

त्या दुसऱ्या सफरीहून परतताना, १ फेब्रुवारी २००३ रोजी, तेच ‘कोलंबिया’ यान भंगून बाईंसह सातही जण मृत्यू पावले. उड्डाणसमयी सुटलेला फेसाचा एक तुकडा त्याच्या पंखास लागला होता. चारच दिवसांनी आपल्या सरकारने एका हवामान-उपग्रहास ‘कल्पना-१’ हे नाव दिले. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मराठवाड्यावरील ढगांची चित्रे तो पुढे कित्येक वर्षे धाडीत राहिला.