रेव्हरंड टिळक: आपल्या पुस्तकातले आणि आमच्या घरातले

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच मनात होते. पण खोड्या, छड्या आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच. मी एका अशा माणसाबद्दल लिहितो, ज्याची ओळख आपल्याला वर्गात एका कवितेपुरती झाली होती आणि मला मात्र त्याआधीच घरी झाली होती. ही गोष्ट मी तेव्हा कुणालाही सांगितली नाही.

‘केवढे हे क्रौर्य’ आठवते? जखमी पक्षीण पडत-उठत घरट्यापर्यंत पोचते आणि पिलांसाठी आणलेला घास तिथे ठेवून प्राण सोडते. सर शिकवत होते आणि मागच्या बाकावरचे उनाडही गप्प झाले होते. कवी कोण, असे सरांनी विचारल्यावर कुणीतरी ठणकावून ‘लोकमान्य टिळक’ म्हणाले आणि वर्ग हसला. सर म्हणाले, हे नारायण वामन टिळक, रेव्हरंड टिळक. रेव्हरंड म्हणजे काय ते कोणाला माहीत आहे का, असेही त्यांनी विचारले. मला माहीत होते. रोज रात्री जेवणाआधी आमचे वडील चिपळ्या घेऊन याच टिळकांची पदे म्हणत असत. मी पाटीकडे बघत बसलो.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात करजगावला, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. आई कवितेची आवड असलेली, वडील सरकारी नोकर आणि कडक. पोर लहानपणापासून घर सोडून निघून जाणारे. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. त्यांना लिहावाचायला टिळकांनीच शिकवले. संसार मात्र कधी नाशिक, कधी नागपूर असा फिरत राहिला. नागपुरात श्रीमंत बुटींच्या आश्रयाने टिळकांचे संस्कृत ग्रंथांचे काम चालले होते. विद्वत्ता होती, वक्तृत्व होते, नाव होत होते. आत मात्र स्वस्थता नव्हती. आहेत त्या धर्मांनी समाधान होत नाही, आपणच एखादा नवा धर्म काढावा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता.

मग ती आगगाडीची गोष्ट. नोकरीसाठी राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांना नव्या कराराचे पुस्तक दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. तो कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता म्हणून ते वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेवता येईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे मला टिळकांचा राग येतो, तो मी लपवत नाही. लक्ष्मीबाई तेव्हा लहान दत्तूला घेऊन माहेरच्यांकडे होत्या, आणि नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्या डोक्यावर वीज कोसळावी तशी आली. घरातले सोवळे असे की परक्याची सावलीही चालत नसे. त्या घरातल्या बाईचे जावई-नणंदांपुढे, देवळाच्या पायरीवर, पाणवठ्यावर काय झाले असेल? चारएक वर्षे दोघे वेगळे राहिले. टिळक पत्रे पाठवीत, कविता पाठवीत. शेवटी लक्ष्मीबाई मुलासह नगरला त्यांच्याकडे आल्या, पण आपला धर्म आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. टिळकांनी त्यांना बाप्तिस्म्याचा आग्रह केला नाही, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातिभेद गेला, आणि 1900 साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पहिल्या वेळी नवऱ्याने जे केले ते मला अजून पटत नाही. दुसऱ्या वेळी जे केले त्यामुळे मी त्यांना मानतो.

नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांची पुढची वर्षे गेली. ते धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवीत, 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि 1912 पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. पण या हुद्द्यांपेक्षा त्यांचे घर पाहावे. दुष्काळात उघडी पडलेली पोरे त्यांनी घरी आणली. हातात पैसा आला की वाटेत भेटलेल्या गरजवंताकडे जायचा आणि लक्ष्मीबाईंनी डबे हलवून पाहायचे. बालकवी ठोंबरे कोवळ्या वयात त्यांच्याकडे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. ठोंबरे त्या घरात हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. टिळकांची श्रद्धा भाषणातून कमी आणि या दारातून जास्त दिसते, असे मला वाटते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे भजने. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळी देवळात बरेचदा इंग्रजी चालीवर बसवलेली गीते म्हणत. शेतात दिवसभर राबून आलेल्या माणसाला ती चाल ओठांवर येणार कशी? टिळक ज्ञानोबा-तुकोबांवर वाढलेले, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे मानणारे. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, कीर्तनाला उभे राहिले, टाळ-मृदंग उपासनेत आणला. ‘उपासना संगीता’त आजही त्यांची पदे पानोपानी आहेत. आमच्या वडिलांना त्यातली कित्येक पाठ होती. धान्य निवडताना, पाणी शेंदताना, कुणी आजारी पडले तर उशाशी बसून ते ती म्हणत. रविवारची वाट पाहावी लागत नसे. टिळकांना हेच हवे होते, हे मला फार उशिरा कळले.

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे आपलाच. पंचावन्न उलटल्यावर बांधलेली मिळकत सोडणे सोपे नव्हते, आणि घरच्यांना तर नव्हतेच. दरबार नीट उभा राहण्याआधीच 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र त्यांनी हाती घेतले होते. दहाएक अध्याय झाले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना याच नवऱ्याने मुळाक्षरे गिरवायला शिकवले होते.

आता माझे थोडे. शाळेत डब्याच्या सुट्टीत मी प्रार्थना करायचो ती चपलेचा पट्टा बांधण्याचे निमित्त करून, खाली वाकून. कुणी कधी काही बोलले नव्हते, बोलले असते असेही नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय घास घेत नसत. कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या दिंड्या आल्या की आपण सगळेच कपिलधारला जायचो. पूजेला बसलेल्या मित्राच्या वडिलांना पाहून मला आमचे वडील आठवायचे. तळहातावरचे लिंग आणि हातातल्या चिपळ्या, भाकरीआधीचे थांबणे मात्र तेच. तरी पंगतीत मी डोळे उघडेच ठेवून जेवायचो.

यंदाच्या मेळाव्याला आपण कपिलधारलाच जमलो. धबधब्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत होते. पंगत बसली. मी हात जोडून डोळे मिटले, वडील म्हणत त्यातलेच एक पद मनात म्हटले. डोळे उघडले तेव्हा वाढणारा आपला वर्गमित्र पोळी हातात धरून माझ्यापुढे उभा होता. झाले का, असे त्याने मानेनेच विचारले आणि मग वाढले.