सूची करणारा डॉक्टर

माझी ताई सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी डॉक्टर आहे. मध्यंतरी रात्री तिचा मेसेज आला. किडनीच्या एका पेशंटला औषध किती द्यायचं यावरचा लेख तिला पबमेडवर सापडला होता, पण दिसत होता फक्त सारांश. पूर्ण लेखाला पैसे पडत होते. मी प्रयत्न केला, मलाही उघडेना.

पबमेड चालवणारं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय माझ्या घराजवळच, बेथेस्डाला आहे. ते नावारूपाला आणलं जॉन शॉ बिलिंग्ज यांनी. त्यांची गोष्ट ताईसारखीच सुरू होते.

बिलिंग्ज यांचा जन्म १८३८चा, इंडियाना राज्यातला. १८६० साली सिनसिनाटीत डॉक्टर होताना त्यांनी अपस्मारावरच्या शस्त्रक्रियांवर प्रबंध लिहिला. त्यासाठी लागणारे आकडे शेकडो पुस्तकांत विखुरलेले. कुठे काय आहे हे सांगणारी सूची नाही आणि सगळी पुस्तकं असलेलं ग्रंथालयही देशात नाही. शोधण्यातच जवळपास सहा महिने गेले. हा त्रास ते विसरले नाहीत.

यादवी युद्धात ते सैन्यात सर्जन होते, गेटिसबर्गलाही होते. युद्धानंतर वॉशिंग्टनमध्ये सर्जन जनरलच्या कचेरीतलं छोटंसं ग्रंथालय त्यांच्याकडे आलं. लष्करी इस्पितळांचा सुमारे ८० हजार डॉलर निधी उरला होता, त्यातून त्यांनी पुस्तकं घेतली. लिंकनना गोळी लागली त्याच फोर्ड्स थिएटरच्या इमारतीत ती बरीच वर्षं होती. १८९५ मध्ये बिलिंग्ज निवृत्त झाले, तेव्हा ग्रंथ लाखाच्या वर गेले होते.

पण खरं काम सूचीचं. नियतकालिकं घरी नेऊन ते रात्री लेखांवर खुणा करायचे आणि लेखनिक त्यांची कार्डं बनवायचे. १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्यासोबत त्यांनी 'इंडेक्स मेडिकस' हे नव्या लेखांची विषयवार यादी देणारं मासिक काढलं. आजचं पबमेड त्याच वंशातलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांवरही त्यांचं ऋण आहे. जनगणनेची मोजणी यंत्राने करता येईल ही कल्पना त्यांनी हर्मन हॉलरिथला सुचवली. त्यातून पंचकार्डांचं यंत्र आलं आणि हॉलरिथची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली, तीच नंतर आयबीएम झाली. शेवटी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले संचालक म्हणून काम करत असतानाच १९१३ मध्ये ते गेले.

लेख कुठे आहे हे शोधायला त्यांना सहा महिने लागले, ताईला दोन मिनिटं. पण सापडलेला लेख हातात पडेलच असं आजही नाही. शेवटी ताईने लेखकालाच ईमेल केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेख पाठवला, फुकट. तोपर्यंत तिने जुन्या पुस्तकावरून डोस सुरू केला होता, तो कमी करावा लागला. पेशंट बरा आहे.

तुमच्या घरात कुणी गावाकडे डॉक्टर असेल, तर त्यांना हा ईमेलचा मार्ग जरूर सांगा.