इन्व्हर्टरची बॅटरी पार उतरली? मग गास्तों प्लांते यांची गोष्ट वाचाच!

२०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या अनेक भागांत लाईट गेली, तेव्हा बॅटरीची किंमत कळली. उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते, याचं श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांना जातं.

त्यांचा जन्म १८३४ चा. विशीत त्यांनी पॅरिसजवळ महाकाय पक्ष्याचे जीवाश्म शोधले. गॅस्टॉर्निस हे त्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पहिली रिचार्ज होणारी बॅटरी तयार झाली. पण तिच्यात वीज फारशी साठेना. मग ते पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत राहिले, तशी क्षमता वाढली. १८८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

हाच धीर आजही कामाला येतो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट बसतं. म्हणून लगेच, कमी करंटवर, हवेशीर जागी चार्ज करा. बॅटरी वाचू शकते!