ड्रॉइंगमध्ये कच्चा, अष्टफलकात पक्का

मित्रांनो, एफ.ई.च्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला पाण्याचा हार्डनेस काढलेला आठवतोय ना? ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए सोडायचं, लालसर द्रावण निळं झालं की रीडिंग टिपायचं आणि जर्नलवर सही घेऊन मेसकडे धूम ठोकायची! आपल्या वसई-विरारच्या पावसाळ्यात डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी होते, तेही पाहिलं असेल. पहिल्या प्रयोगात ईडीटीएचा रेणू कॅल्शियमला सहा ठिकाणी धरून बसतो. दुसऱ्यात हवेतलं पाणी जेलमधल्या कोबाल्टला येऊन चिकटतं आणि त्याच्याभोवती सहा जणांचं कडं तयार होतं. हा सहाचा हिशोब ज्याने मांडला, त्या आल्फ्रेड वेर्नरची ही गोष्ट.

वेर्नरचा जन्म १२ डिसेंबर १८६६ चा, आल्सास प्रांतातल्या म्युलूझ गावचा. वडील लोखंडाच्या कारखान्यात कामगार. १८७१ मध्ये युद्धानंतर हा प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. घरात मात्र फ्रेंचच बोलली जायची. लष्करातलं एक वर्ष उरकून १८८६ मध्ये तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. आता गंमत ऐका. गणित आणि डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगची आजीच, या दोन विषयांनी त्याला पुरतं रडवलं. आणि पुढे रेणूंचे त्रिमितीय आकार ओळखण्यात त्यानेच नाव काढलं! १८९० मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली, तीही रेणूंच्या अवकाशातल्या रचनेवरच.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना एका कोड्याने पछाडलं होतं. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांच्यापासून एक पिवळं संयुग मिळतं, एक जांभळं आणि एक हिरवं. तिघांतही एका कोबाल्टमागे क्लोरीन तीनच. पण सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर पिवळ्यातले तिन्ही क्लोरीन अवक्षेपात येतात, जांभळ्यातले दोन आणि हिरव्यातला फक्त एक. मग बाकीचे कुठे अडकतात? डेन्मार्कचा यॉर्गनसेन हा या विषयातला बडा माणूस. त्याचं म्हणणं, अमोनियाचे रेणू एकमेकांना धरून साखळी करतात आणि साखळीच्या टोकाचे क्लोरीन सुटे होतात.

१८९२ च्या अखेरीस एका रात्री दोनच्या सुमारास वेर्नर झोपेतून उठला. उत्तर त्याच्या डोक्यात तयार होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत लिहून त्याने सगळी मांडणी पूर्ण केली. (नाइट मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) वय २६. १८९३ मध्ये ती छापून आली. साखळी वगैरे काही नाही. धातूच्या भोवती ठराविक संख्येने शेजारी ठराविक जागी बसतात. कोबाल्टला असे सहा: चार चहूबाजूंना, एक वर, एक खाली. हाच अष्टफलक. या सहांत बसलेला क्लोरीन सिल्व्हरच्या हाती लागत नाही, बाहेरचाच लागतो.

पण यात त्याचा स्वतःचा प्रयोग जवळजवळ नव्हताच! आधार मुख्यतः यॉर्गनसेनने मेहनतीने केलेल्या कामाचा. पुढची वीसेक वर्षं पुरावे गोळा करण्यात गेली. रेणूच्या आत डोकावणारं यंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून वेर्नरने साधी मोजणी केली. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन मांडायचे, तर सपाट षटकोनात किंवा प्रिझममध्ये तीन प्रकार होतात, अष्टफलकात मात्र दोनच. एक हिरवा, तो हातात होता. दुसरा कुठे आहे, हा यॉर्गनसेनचा बिनतोड सवाल. १९०७ मध्ये वेर्नरच्या प्रयोगशाळेत तो दुसरा, जांभळट रंगाचा, तयार झाला. यॉर्गनसेनने मोठ्या मनाने हार मान्य केली.

१९११ मध्ये व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याने वेर्नरच्या हाताखाली कोबाल्टच्या संयुगाची डावी आणि उजवी रूपं वेगळी केली. विरोधक म्हणाले, ही करामत त्यातल्या कार्बनची. मग १९१४ मध्ये वेर्नरने कार्बनचा एकही अणू नसलेल्या संयुगात तेच करून दाखवलं. योगायोग बघा, ते संयुग पहिल्यांदा बनवलं होतं यॉर्गनसेनने!

यातलं बरंचसं काम तळघरातल्या अंधाऱ्या खोल्यांत झालं. मुलं त्यांना भुयारच म्हणत. कृती मात्र साध्या: कोबाल्टचं मीठ, अमोनिया, पाणी, आणि ऑक्सिडेशनसाठी तासन्‌तास सोडलेली हवा. आज ग्रीन सिंथेसिस म्हणून आपण याच वाटेने जातो. घातक सॉल्व्हंटऐवजी पाणी वापरायचं, नाहीतर सरळ खलात घोटून संयुग बनवायचं. पण नुसतं पाणी वापरलं म्हणजे झालं नाही. कोबाल्ट विषारीच. म्हणून तर निळ्या जेलच्या जागी आता नारिंगी जेल येऊ लागली. तेव्हा प्रॅक्टिकल संपल्यावर धातूचं द्रावण बेसिनमध्ये ओतण्याआधी आपली खाडी आठवा.

१९१३ मध्ये वेर्नरला नोबेल मिळालं. पण सुख फार टिकलं नाही. दारू वाढली, मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत गेल्या, १९१५ पासून मोठ्या वर्गावरची लेक्चर्स थांबली. एवढं तल्लख डोकंच साथ सोडू लागलं. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला.

१९२१ मध्ये वायकॉफ आणि पॉस्नजाक यांनी प्लॅटिनमच्या एका संयुगाच्या स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. प्लॅटिनमभोवती सहा क्लोरीन होते, बरोब्बर अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर. ते बघायला वेर्नर दोन वर्षांनी कमी पडला.

तेव्हा मित्रांनो, ड्रॉइंग शीटवर लाल शेरा आला म्हणून आकार समजतच नाहीत असं समजू नका. आणि पुढच्या वेळी ईडीटीएचा रंग बदलला की सहीसाठी पळण्याआधी क्षणभर थांबा. त्या रंगामागे एका माणसाची वीस वर्षं आहेत.