मूठभर धान्याचा विश्वास : कर्मवीर भाऊराव पाटील



गावात तरुण मंडळ, महिला मंडळ, वाचनालय असं काही उभं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो पैशाचा. दुसरा त्याहून अवघड, विश्वासाचा. देणाऱ्याला धास्ती असते, आपले पैसे नीट लागतील का. घेणाऱ्याला वाटतं, एवढ्या अटी पाळत बसलो तर काम कधी करायचं? हा पेच आजचा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचं सारं आयुष्य तो सोडवण्यात गेलं. त्यांचं चरित्र तुम्ही शाळेत वाचलं असेल, पण आज ते या बाजूनं पाहू.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी, शेतकरी जैन घराण्यात झाला. कोल्हापुरात शिकताना राजर्षी शाहू महाराजांची वसतिगृहं त्यांनी जवळून पाहिली. पुढे पोटासाठी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. नांगर विकायला गावोगाव फिरणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचं घर आतून कळतं. पोरगं हुशार आहे, पण चौथीनंतर पाठवायचं कुठं, हे दुखणं त्यांना घरोघरी दिसलं.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सर्व जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका पंगतीत जेवत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. 1927 साली महात्मा गांधी तिथं येऊन गेले.

आता पैशाचं बघा. संस्थेच्या पाठीशी ना कारखाना होता, ना संस्थान. मग भाऊरावांनी मुष्टिफंड धरला. घरच्या बाईनं दळण करताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा होऊन मुलांच्या जेवणाला जायचं. मुठीला कोण अट घालणार? पण हजार घरांची मूठ घेतली की हजार घरांचं लक्ष संस्थेवर राहतं. अटीपेक्षा ही राखण पक्की.

देणाऱ्यांत पहिलं नाव त्यांच्या घरातलंच. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडायला दिला, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सोवळ्या वळणात वाढलेल्या या बाईनं सगळ्या जातींच्या पोरांना आईसारखं सांभाळलं. 1930 मध्ये त्या गेल्या.

ज्याला मदत मिळाली त्यानं ती पुढच्याला द्यायची, ही भाऊरावांची दुसरी रीत. वसतिगृहात स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम मुलंच करत. 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज निघालं. वसतिगृहात वाढलेला मुलगा तिथं शिकून मास्तर व्हायचा आणि शाळा नसलेल्या एखाद्या खेड्यात जाऊन शाळा चालवायचा. गावानं जागा द्यायची, संस्थेनं मास्तर द्यायचा, सरकारची थोडी ग्रँट, अशा 500 हून अधिक व्हॉलंटरी शाळा डोंगरकपारीत उभ्या राहिल्या. 1940 मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. तिथंही कमवा आणि शिका हाच कायदा.

पण देणगी म्हणजे काहीही चालेल, असं नव्हतं. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. एक धनिक मोठी रक्कम द्यायला तयार होता, मात्र शिवाजी महाराजांचं नाव काढून दुसरं द्या, ही त्याची अट होती, अशी हकीकत सांगतात. भाऊरावांनी ती रक्कम नाकारली.

खरी परीक्षा 1948 साली झाली. सरकारशी बिनसलं आणि संस्थेची ग्रँट बंद झाली. शेकडो मास्तरांचे पगार, हजारो मुलांचं शिक्षण टांगणीला लागलं. भाऊराव झोळी घेऊन पुन्हा लोकांकडे गेले. अशा वेळी गाडगे महाराज मदतीला धावले. त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे रयतेसाठी शब्द टाकला आणि ग्रँट पुन्हा सुरू झाली. गाडगे महाराजांच्या स्वतःच्या धर्मशाळा होत्या, त्यांनाही देणग्या लागत होत्या. तरी दुसऱ्याच्या संस्थेसाठी ते उभे राहिले. 1954 मध्ये कराडला कॉलेज काढलं तेव्हा भाऊरावांनी त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले. लावलेला वड मात्र वाढतच राहिला.

तेव्हा मंडळी, यातून आपण काय घ्यायचं? तुमचं मंडळ एकाच ग्रँटवर उभं असेल, तर ती थांबेल त्या दिवशी कुलूप लागेल. घराघरातून थोडं थोडं घ्या, मग गावच राखणदार होईल. देणारे असाल तर चांगल्या कामाला बारीकसारीक अटींत अडकवू नका. घेणारे असाल तर वही सगळ्यांसमोर उघडी ठेवा. आणि शेजारच्या गावची संस्था अडचणीत आली, तर ती आपली स्पर्धक समजू नका. तिच्यासाठी शब्द टाका. उद्या तुमच्यासाठी तीच धावेल.