हजेरीतून सुटका

दया करणे म्हणजे चुकलेल्याला शिक्षा न करता सोडून देणे, असे आपण बहुधा समजतो. आपल्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्रात दयेचा याहून मोठा अर्थ सापडतो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या काळी इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले होते. संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या लोकांना रोज हजेरी द्यावी लागे. चोरी कोणीही करो, संशय आधी त्यांच्यावर. रोज हजेरीला उभे राहणारा माणूस परगावी कामाला तरी कसा जाणार?

१९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. फास लावून शिकार करणाऱ्या, रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारध्यांनाही त्यांनी जवळ केले, काम दिले आणि सोनतळीच्या आपल्या कॅम्पवर पहारेकरी नेमले. लोक ज्यांना चोर म्हणत, त्यांच्याच हाती राजाने आपली राखण सोपवली.

नुसती माफी देणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. विश्वास टाकणारा मात्र स्वतः धोका पत्करतो. प्रभू येशूही जक्कयाच्या घरी आधी पाहुणा म्हणून गेला. जक्कय बदलला तो त्यानंतर.

महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले. तो कायदा देशभरातून रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. तरीही गावाबाहेर पारध्यांची पाले पडली की आपण दाराला दोनदा कडी लावतो. सरकारी वही मिटली, पण आपल्या मनातली वही उघडीच आहे. तिच्यात कधीकाळी चुकलेला भाऊ असतो, उसने पैसे न फेडलेला शेजारी असतो, तुरुंगातून सुटून आलेला गावकरी असतो. त्यांची हजेरी आपण रोज घेतो.

या आठवड्यात त्यातले एक नाव आपण खोडू या. नुसते खोडून थांबू नये. त्या माणसाला घरी बोलवावे, एखादे काम विश्वासाने त्याच्यावर सोपवावे. दयेची सुरुवात तिथून होते.