तलवारीची धार ते तंबोऱ्याची जवारी : मिरजेचे फरीदसाहेब

हुलसूर : आपल्या सीमाभागात गावोगावी सप्ताह बसतो, वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवली जात नाही. गवयाच्या मागं तंबोरा असतोच. पण ही वाद्यं घडवणाऱ्या कारागिराचं नाव कुणी विचारत नाही. अशा कारागिरांतलं आद्य नाव म्हणजे मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर.

फरीदसाहेब घराण्यानं शिकलगार. हत्यारं घडवायची, तलवारींना धार लावायची हा पिढीजात धंदा. १८१८ साली पेशवाई बुडाली. पटवर्धनांचं मिरज संस्थान टिकलं, पण लढाया संपल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. हात कसबी, पण हाताला काम नाही, अशी वेळ आली.

त्याच काळात मिरजेच्या दरबारात गाण्याला आश्रय होता. बाहेरून येणाऱ्या गवई-वादकांची वाद्यं नादुरुस्त व्हायची, ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास नव्हता. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिद्दीन यांनी ते काम अंगावर घेतलं. दुरुस्ती करता करता वाद्याची रचना कळली आणि १८५० च्या सुमारास त्यांनी स्वतः तंबोरे घडवायला सुरुवात केली. पुढं सतारही आली.

काम सोपं नाही. तंबोऱ्याचा भोपळा कडू जातीचा, जाड सालीचा लागतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. त्याच भागातून वाहणारी भीमा पुढं आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूरला येते. वाळलेला भोपळा कापून, पाण्यात भिजवून आकाराला आणतात, त्याला लाकडी दांडी जोडतात. शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसीनं इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर नाद भरून, लांबत राहिला पाहिजे. जरा जास्त घासलं की आवाज बसला. इथं मोजमाप चालत नाही, हात आणि कानच लागतात. धार लावणाऱ्या हाताला ही नजाकत नवी नव्हती.

जगात असं दुसरीकडंही घडलंय. पॅरिसचे फ्रान्स्वा तूर्त (मृत्यू १८३५) आधी घड्याळाचं काम शिकले होते. पुढं त्यांनी व्हायोलिनच्या गजाला जो घाट दिला, तोच आजही चालतो.

फरीदसाहेबांनी विद्या घरात दडवली नाही. ती भाऊबंदांत पसरली, घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं आणि मिरजेत सतारमेकर गल्ली उभी राहिली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झालं, त्यांची कबरही इथल्या दर्ग्यात आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिळाला, पण आज खिशातल्या मोबाईलवरही तंबोरा वाजतो. हत्यारांचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा फरीदसाहेबांनी त्याच हातांना नवं काम शोधलं. आता तंबोऱ्याचं गिऱ्हाईक कमी होतंय आणि तोच प्रश्न त्यांच्या वारसांपुढं उभा आहे. पुढच्या सप्ताहाला वीणा हातात घ्याल, तेव्हा ती कुणी घडवली एवढं तरी विचारा.